वहिवाट : एका बागमंडळाच्या घराची गोष्ट

कोलकात्यात हुगळीच्या काठाने जाणाऱ्या स्ट्रँड रोडवर, हेअर स्ट्रीटच्या कोपऱ्याला, तीस उंच खांबांची एक भारदस्त इमारत आहे. तिचे नाव मेटकाफ हॉल. नवख्या माणसाला ते कोर्ट वाटते, नाहीतर एखादी जुनी बँक. आमच्या फौजी मंडळींना मेटकाफ म्हटले की दिल्लीचे मेटकाफ हाऊस आठवते, जिथे डीआरडीओची कार्यालये आहेत. ते घर धाकट्या भावाचे, थॉमस मेटकाफचे. कोलकात्याचा हॉल थोरल्या चार्ल्सच्या नावाचा आहे.

हा हॉल कोर्टासाठी, बँकेसाठी किंवा सरकारी कचेरीसाठी बांधलेला नव्हता. तो बांधला गेला दोन नागरी संस्थांसाठी. खालच्या मजल्यावर शेती आणि बागकामाचे मंडळ, वरच्या मजल्यावर सार्वजनिक वाचनालय. भाजीचे बी वाटणाऱ्या आणि पुस्तके वाचायला देणाऱ्या लोकांसाठी कोणी ग्रीक देवळासारखे घर बांधेल, हे आज खरे वाटत नाही. पण ते बांधले गेले, आणि साठ वर्षांच्या आतच दोन्ही संस्थांचा त्यावरचा हक्क संपला. घर आजही उभे आहे. बागमंडळही आजही चालू आहे. फक्त ती दोघे आता एकमेकांच्या जवळ नाहीत.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे. आपण 'वास्तू जतन' म्हणतो तेव्हा नेमके काय जतन करतो, हा प्रश्न फौजेत वीस वर्षे जुन्या बंगल्यांत, मेसमध्ये आणि किल्ल्यांत राहिलेल्या माणसाला पडतोच. त्याचे उत्तर शोधायला मेटकाफ हॉलइतके चांगले उदाहरण मला माझ्या कुठल्याच पोस्टिंगमध्ये मिळालेले नाही.

आधी मंडळाबद्दल. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सप्टेंबर १८२० मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमधल्या एका सभेत स्थापन झाली. सभेला मोजकीच माणसे होती. सभा बोलावणारा होता विल्यम कॅरी. हे नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवायला हवे.

कॅरी इंग्लंडमधला चांभारकाम करणारा माणूस, पुढे धर्मप्रचारक झाला. १७९३ मध्ये बंगालमध्ये आला आणि १८०० पासून श्रीरामपूरला राहिला. हे श्रीरामपूर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे. कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या पलीकडच्या काठावरचे. त्या वेळी ते डेन्मार्कच्या ताब्यात होते. वेलस्लीने १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज काढले, ते कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी. तिथे कॅरी बंगाली आणि संस्कृत शिकवू लागला, पुढे मराठीही. मराठी तो शिकला ते नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने. १८०५ मध्ये त्याचे मराठी भाषेचे व्याकरण छापून आले आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत होते. श्रीरामपूरच्या छापखान्यात मोडीचे खिळे पाडले गेले होते. त्याच छापखान्यातून वैजनाथांची 'सिंहासन बत्तिशी' १८१४ मध्ये आणि 'हितोपदेश' १८१५ मध्ये बाहेर पडली. म्हणजे छापील मराठी गद्याची पहिली काही पावले पुण्यात किंवा मुंबईत पडण्याआधी बंगालमध्ये पडली.

एक गैरसमज दूर करतो. नाव किल्ल्याचे असले तरी ते कॉलेज किल्ल्याच्या आत नव्हते. बरीच वर्षे ते आजच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये भरत असे. ज्या फोर्ट विल्यममध्ये आमचे पूर्व कमांडचे मुख्यालय आहे, त्याला आता विजयदुर्ग म्हणतात, आपल्या कोकणातल्या किल्ल्याच्या नावावरून. मराठीचे व्याकरण ज्या कॉलेजात लिहिले गेले त्याला या किल्ल्याचे नाव होते आणि आज या किल्ल्याला मराठी किल्ल्याचे नाव आहे. योगायोगच, पण इथे राहणाऱ्या मराठी माणसाला सुखावणारा.

कॅरीची दुसरी आवड म्हणजे झाडे. श्रीरामपूरला त्याने पाच एकरांची बाग केली होती. शिबपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग हा त्याचा स्नेही. रॉक्सबर्गच्या मृत्यूनंतर त्याचा 'फ्लोरा इंडिका' हा ग्रंथ कॅरीनेच संपादित करून छापला. बंगालच्या शेतकऱ्याकडे चांगले बी नाही, भाज्या मोजक्या, फळझाडांची निगा नाही, हे त्याने पाहिले होते. त्यावर उपाय म्हणून त्याला मंडळ हवे होते. त्याचा आग्रह असा की या मंडळात देशी लोकांना सभासद होता आले पाहिजे. १८२० साली हा आग्रह साधा नव्हता. पुढे द्वारकानाथ ठाकूर, राधाकांत देव, रामकमल सेन अशी मंडळी त्यात आली.

मंडळाचे काम अगदी जमिनीवरचे होते. बाहेरून बियाणे मागवायचे, सभासदांत वाटायचे, काय उगवले आणि काय मेले याची नोंद ठेवायची. कोबी, फुलकोबी, वाटाणा, बटाटा यांची प्रदर्शने भरवायची आणि बक्षिसे माळ्यांना द्यायची. बक्षीस बागेच्या मालकाला नव्हे, माळ्याला, हे मला विशेष वाटते. युनिटच्या स्पर्धेत ढाल कमांडिंग ऑफिसरच्या हातात जाते, पण घाम कोणाचा असतो हे प्रत्येक जवानाला ठाऊक असते.

पण या मंडळाला स्वतःचे घर नव्हते. प्रयोगाच्या जमिनीही बदलत राहिल्या. घर मिळाले ते एका वेगळ्याच कारणाने.

१८३५ साली चार्ल्स मेटकाफ हंगामी गव्हर्नर जनरल होता. त्याने वृत्तपत्रांवरची परवान्याची बंधने उठवली आणि १५ सप्टेंबर १८३५ पासून नवा कायदा लागू झाला. तो मुंबई इलाख्यालाही लागू होता. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' तेव्हा तीन वर्षांचे झाले होते, म्हणजे त्या स्वातंत्र्याचा पहिला लाभ घेणाऱ्यांत आपलेही पत्र होते. कंपनीच्या संचालकांना हे रुचले नाही. कोलकात्याच्या नागरिकांना मात्र इतके रुचले की त्यांनी वर्गणी काढली. पुतळा उभारण्याऐवजी उपयोगाचे काही बांधावे असे ठरले.

त्याच वर्षी कोलकाता पब्लिक लायब्ररीची हालचाल सुरू झाली आणि १८३६ मध्ये ती उघडली. तिच्या पहिल्या साठ्यात फोर्ट विल्यम कॉलेजच्या ग्रंथालयातून मेटकाफने दिलेली ४,६७५ पुस्तके होती. वाचनालयालाही घर नव्हते. एका डॉक्टरच्या बंगल्यात, मग कॉलेजच्या जागेत, अशी त्याची फरपट चालली होती. मग तिघांचे जमले. मेटकाफच्या नावाने जमलेली वर्गणी, वाचनालयाचा वाटा आणि बागमंडळाचा वाटा एकत्र आला आणि सरकारने नदीकाठची जमीन दिली. डिसेंबर १८४० मध्ये कोनशिला बसली, १८४४ मध्ये इमारत पुरी झाली.

आराखडा शहराचे मॅजिस्ट्रेट सी. के. रॉबिसन यांचा. अथेन्समधल्या 'वाऱ्यांचा मनोरा' या प्राचीन वास्तूच्या खांबांवरून त्यांनी हे खांब घेतले. दहा फूट उंच जोते, त्यावर छत्तीस फूट उंचीचे तीस खांब. बंगालच्या गाळाच्या प्रदेशात बांधकामाचा दगड नाही. त्यामुळे कोलकात्याच्या अशा इमारतींतले हे 'ग्रीक' वैभव बहुतेक विटांचे आणि त्यावरच्या चुन्याच्या गिलाव्याचे आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता त्या घरातला संसार पाहू. खाली बियाण्यांची पाकिटे, नमुन्यांची कपाटे, मंडळाच्या सभा. वर पुस्तके आणि वाचनाची टेबले. कॅरी १८३४ मध्ये वारला होता, म्हणून मंडळाने त्याचा संगमरवरी अर्धपुतळा करवून इथे बसवला. दोन्ही मजल्यांना जोडणारा माणूस होता प्यारीचाँद मित्र. तो वाचनालयाचा ग्रंथपाल आणि बागमंडळाचाही कार्यकर्ता. त्याने बंगालीत शेतीवर लिहिले, आणि टेकचाँद ठाकूर या टोपणनावाने 'आलालेर घरेर दुलाल' ही बंगालीतली अगदी सुरुवातीची कादंबरी लिहिली, जी १८५८ मध्ये पुस्तकरूपाने आली. कादंबरीची भाषा रस्त्यावरची, बोलीतली. जो माणूस रोज खाली माळी आणि शेतकरी यांच्या विषयांत वावरतो आणि वर ग्रंथांत, त्याच्या हातून तशी भाषा उतरावी हे मला नवल वाटत नाही. हा संबंध मी जोडतो आहे, त्याने तसे कुठे लिहिलेले नाही. पण एका छपराखाली दोन कामे चालली की माणसे एका कामातले दुसऱ्यात नेतात, हे मी मेसमध्ये आणि लंगरमध्ये रोज पाहतो.

मग उतरण लागली. १८७० च्या दशकात मंडळाला अलीपूरला जमीन मिळाली आणि त्याचा जीव हळूहळू तिकडे सरकला. झाडे अलीपूरला, कागदपत्रे स्ट्रँड रोडला. वाचनालयाचे वाचक आणि वर्गणीदारही घटत गेले. घर मोठे, उत्पन्न लहान, डागडुजीला पैसा नाही. गावच्या वाड्यांची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचे सांगायला नको.

पुढचे पाऊल लॉर्ड कर्झनने उचलले. सरकारी खात्यांची मिळून एक इम्पीरियल लायब्ररी १८९१ पासून होती, पण ती सर्वांना खुली नव्हती. कर्झनने ठरवले की ही आणि पब्लिक लायब्ररी एकत्र करायची आणि मेटकाफ हॉलमध्ये लोकांसाठी खुली करायची. त्यासाठी दोन्ही संस्थांचे इमारतीवरचे हक्क मोबदला देऊन घेतले गेले आणि व्यवहार पक्का करायला १९०२ मध्ये खास कायदा केला गेला. ३० जानेवारी १९०३ रोजी नवे ग्रंथालय उघडले. बागमंडळ अलीपूरला गेले.

कर्झनवर राग काढणे सोपे आहे, पण इथे तो चुकला असे म्हणता येत नाही. वाचनालय वाचले, वाढले आणि लोकांना खुले झाले. १९०७ मध्ये तिथे हरिनाथ दे हे पहिले भारतीय ग्रंथपाल झाले, तीसहून अधिक भाषा जाणणारे. हा फायदा खरा आहे. मला वेगळी गोष्ट टोचते. १९०४ मध्ये याच कर्झनच्या पुढाकाराने प्राचीन स्मारके जतन करण्याचा कायदा झाला. आपल्या देशातल्या वारसा जतनाचा तो पाया. तो कायदा बोलतो तो वास्तूबद्दल. तिचा दगड, तिची शिल्पे, तिचे आवार. त्या वास्तूत कोण काय करत होते, हा त्याचा विषय नाही.

आपल्याकडे जमिनीच्या भाषेत एक फार चांगला शब्द आहे, वहिवाट. मालकी कोणाचीही असो, वापर कोणाचा आहे, रस्ता कोण तुडवतो, बांधावरून कोण जातो. सात-बारावर मालकाचे नाव असते, पण गावातले निम्मे तंटे वहिवाटीचे असतात, कारण माणसाचे आयुष्य वहिवाटीवर चालते. जतनाचा कायदा भिंत वाचवतो, वहिवाट वाचवत नाही. मेटकाफ हॉलच्या गोष्टीचे सार मला एवढेच दिसते.

कारण पुढे काय झाले पाहा. १९२३ मध्ये ग्रंथालयही एस्प्लनेडला, परराष्ट्र आणि लष्करी सचिवालयाच्या जुन्या इमारतीत हलले. ज्या ग्रंथालयासाठी बागमंडळाला उठवले, तेच वीस वर्षांत निघून गेले. मागे उरले सरकारी वापराचे एक घर. ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आले. तळमजल्यावर एशियाटिक सोसायटीची नियतकालिके आणि दुर्मिळ ग्रंथ राहिले, वर पुरातत्त्व खात्याचे दालन. जानेवारी २०२० मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा लोकांसाठी खुले झाले आणि आत कोलकात्यावरचे प्रदर्शन मांडले गेले. घर वाचले, चांगले वाचले. पण आत गेलेल्या माणसाला इथे कधी फुलकोबीचे बी वाटत होते हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

जुने घर मरते कसे, हे फौजेतल्या माणसाला थोडेफार माहीत असते. आमच्याकडे गमतीने म्हणतात, हलेल त्याला सलाम आणि न हलेल त्याला गेरू-चुना. त्यातला चुना हा खरोखर औषध आहे. चुन्याचा गिलावा श्वास घेतो. भिंतीत शिरलेले पाणी तो हळूहळू बाहेर सोडतो. त्याच भिंतीवर सिमेंटचा थर दिला की ओल आत कोंडते, क्षार वर येतात, विटेचा भुगा होतो आणि दोन पावसाळ्यांत पोपडे पडतात. एका पोस्टिंगमध्ये मी शतकभर टिकलेला एक बंगला ठेकेदाराच्या सिमेंटने पाच वर्षांत खिळखिळा झालेला पाहिला. दुसरा शत्रू पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून बी सज्जाच्या फटीत पडते, पहिल्या वर्षी दोन पाने, तिसऱ्या वर्षी मुळी विटांमध्ये पाचरीसारखी घुसते. वेळेवर दिसला तर तो दोन बोटांनी उपटता येतो. उशीर झाला तर भिंत उतरवावी लागते.

आता या दोन्ही रोगांवर पहिला इलाज कोणता? घरात रोज वावरणारा माणूस. पोपडा त्यालाच आधी दिसतो, पिंपळाची दोन पाने तोच उपटतो, नळी तुंबली की ओरडतो. रिकामे घर वर्षातून एकदा तपासणीच्या दिवशी पाहिले जाते, आणि तोवर मुळी आत गेलेली असते. वहिवाट ही भावनेची गोष्ट नाही, ती देखभालीची यंत्रणा आहे.

आणि मंडळ? ते अलीपूर रोडला आजही आहे. दोनशे वर्षे उलटून गेली. एका रविवारी मी आमच्या सुभेदार साहेबांना घेऊन तिथे गेलो. साहेब भोरकडचे, झाडांचे दर्दी. दाराशीच कर्दळीचे ताटवे पाहून ते म्हणाले, "सर, हे तर आपलं क्वार्टर गार्ड."

खरेच होते. देशातल्या कुठल्याही छावणीत क्वार्टर गार्डपुढे कर्दळ असतेच. मी त्यांना सांगितले की कर्दळीच्या कितीतरी संकरित जाती याच बागेत तयार झाल्या. पर्सी-लँकेस्टर घराण्याच्या पिढ्यांनी इथे त्यावर काम केले. त्यांतले सिडनी पर्सी-लँकेस्टर या मंडळाचे सचिव होते आणि त्यांचे चिरंजीव ॲलिक यांनी स्वातंत्र्यानंतरही दिल्लीच्या सरकारी बागांची धुरा सांभाळली.

मग मी विचारले, "साहेब, तुमच्याकडे कुंभा आहे का?"

"आहे की, सर. डोंगराला लागलं की कुंभाच. पांढरी फुलं येतात, तांबूस दोऱ्यांची. त्याच्या सालीचा तोडा करायचे पूर्वी, बंदुकीला. आजोबा सांगायचे."

हे खरे आहे. ठासणीच्या जुन्या बंदुकांना बत्ती द्यायला कुंभ्याच्या सालीच्या धाग्याचा तोडा वापरत. मी म्हणालो, "त्या कुंभ्याचं शास्त्रीय नाव केरिया. हे मंडळ ज्यानं काढलं त्या कॅरीच्या नावावरून रॉक्सबर्गनं ठेवलं."

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे झाड आपलं, नाव त्याचं."

"आणि व्याकरण आपलं, पुस्तक त्याचं."

"चालायचंच, सर. झाड राहिलं हे महत्त्वाचं."

बागेतून बाहेर पडलो की शेजारीच बेल्व्हेडिअरचे आवार लागते. ही एकेकाळची बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरची हवेली. १९४८ मध्ये इम्पीरियल लायब्ररीचे नाव नॅशनल लायब्ररी झाले आणि ती इथे आणली गेली. १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझादांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. मेटकाफ हॉलच्या वरच्या मजल्यावरच्या वाचनालयाचा वारसा याच ग्रंथालयाकडे आहे. म्हणजे १९०३ मध्ये ताटातूट झालेली खालच्या मजल्यावरची बाग आणि वरच्या मजल्यावरची पुस्तके कोणी ठरवून न आणता पुन्हा शेजारी आली. घर मात्र नदीकाठी एकटे राहिले.

मंडळ कशामुळे टिकले? माझे मत असे की त्याच्याकडे जमीन होती आणि रोजचे काम होते. हिवाळ्यात पुष्पप्रदर्शन भरते. रोपे विकली जातात. बागकाम शिकवले जाते. माळ्याला रोज सकाळी पाणी घालावेच लागते, सभेला गणसंख्या असो वा नसो. ज्या संस्थेचे काम एक दिवसही थांबवता येत नाही, ती संस्था सहसा मरत नाही.

आपल्याकडचे दोन दाखले देतो. कोलकात्याच्या मंडळानंतर दहा वर्षांनी, १८३० मध्ये, पश्चिम भारताचे असेच मंडळ निघाले. मुंबईत शिवडीला त्याची बाग होती. ती जमीन पुढे दफनभूमीला गेली आणि बागेचा वारसा भायखळ्याच्या राणीच्या बागेकडे आला. त्याच राणीच्या बागेत १८७२ मध्ये उघडलेले संग्रहालय आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने उभे आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे नूतनीकरण झाले आणि २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. ते संग्रहालय म्हणून बांधले आणि संग्रहालय म्हणूनच जतन झाले. भिंतही राहिली, वहिवाटही राहिली. दुसरा दाखला पुण्याचा. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळची एम्प्रेस गार्डन एकेकाळी सोल्जर्स गार्डन म्हणून ओळखली जाई. गेली शंभराहून अधिक वर्षे ती याच पश्चिम भारताच्या मंडळाकडे आहे. जानेवारीतल्या तिथल्या पुष्पप्रदर्शनाला पुणेकर गर्दी करतात. खडकवासल्याला प्रशिक्षण घेतलेल्या किती जणांना ठाऊक असेल की ती सरकारी बाग नाही, जवळजवळ दोनशे वर्षांच्या एका मंडळाने सांभाळलेली आहे?

हे सगळे आपल्याला लागू कुठे होते? माझ्या निवृत्त वाचकांनो, छावण्यांचे रूप बदलते आहे. अनेक ठिकाणी छावणीचा नागरी भाग नगरपालिकांकडे सोपवण्याची प्रक्रिया चालू आहे. ती बरोबर की चूक यावर लिहिणे माझे काम नाही. पण त्या भागांत जुने बंगले आहेत, वाचनालये आहेत, लहान बागा आणि क्लब आहेत. काहींना वारसा वास्तूचा दर्जा मिळेल, पाटी लागेल, रंग लागेल. मग आत काय? बहुतेकदा एखादे कार्यालय, नाहीतर कुलूप.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. तुमच्या गावातली किंवा छावणीतली एखादी जुनी वास्तू वाचवायची चळवळ निघाली, तर पहिला प्रश्न रंगाचा विचारू नका. विचारा की रोज सकाळी किल्ली कोण लावणार आणि कशासाठी. बागकामाचे मंडळ असो, नगर वाचनालय असो, तालीम असो, माजी सैनिकांची संघटना असो. ज्यांना रोज त्या जागेची गरज आहे अशी माणसे आधी शोधा, त्यांच्या नावे लेखी करार करा, मुदत लांब ठेवा आणि डागडुजीचा पैसा कुठून येणार ते त्यातच लिहा. मेटकाफ हॉलमध्ये दोन्ही संस्थांकडे हक्क होता, पण छपरासाठी पैसा नव्हता. तिथेच घर हातचे गेले.

दुसरे, नोंद ठेवा. घर कोणी बांधले हे पाटीवर येतेच. त्यात कोण काय करत होते हे कोणी लिहीत नाही. तुमच्यापैकी अनेकांनी पन्नास वर्षांपूर्वीच्या छावण्या पाहिल्या आहेत. कुठल्या बंगल्यात मुलांची शाळा भरायची, कुठल्या मेसच्या मागे आंब्याची कलमे बांधली जात, त्या बागेचा माळी कुठला होता. हे तुमच्यानंतर सांगणारे कोणी नाही. चार ओळी असल्या तरी लिहून पाठवा. मी त्या इथे एकत्र करीन.

आणि तिसरे, कोलकात्याला आलात तर स्ट्रँड रोड आणि अलीपूर दोन्ही एकाच दिवशी पाहा. सकाळी घर, दुपारी बाग. हिवाळ्यात या, कर्दळ असतेच, पण डेलियाही फुललेला असतो. अलीपूरला रोपे विकत मिळतात. एखादे घेऊन जा आणि लावा.

जय हिंद.